अखेरची शिल्लक

"सोळाच गेले ना? तिथं शंभर आहेत." जुलै २०२५ मधल्या एका सकाळी आमच्या लिफ्टमध्ये एक शेजारी एवढं बोलले आणि दुसऱ्या मजल्यावर उतरून गेले. हातात दुधाची पिशवी होती, छत्रीचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. माणूस निर्दयी म्हणावा असा अजिबात नाही. सोसायटीच्या फाटकाशी बसणाऱ्या कुत्र्यांना रोज बिस्किटं घालतो, त्यावरून कमिटीशी भांडतोही. त्याने फक्त वजाबाकी केली होती आणि ती बरोबरही होती. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात चितळांचा कळप शंभराच्या आसपास होता, त्यातले आठवडाभरात सोळा दगावले. उरलेला कळप अजूनही मोठाच. तरी ते वाक्य माझ्याबरोबर लिफ्टमधून बाहेर पडलं, स्कूटरवर मागे बसलं आणि ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला तरी उठून जाईना. मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं असं नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे काय होतं, हेच मला कळत नव्हतं.

बातमी हप्त्याहप्त्यानं आली होती. आषाढीच्या सुमाराला चितळ मरायला लागले, मग रोज सकाळी पेपरात आकडा एकदोनानं पुढे सरकलेला. पंधरा झाले, सोळा झाले. खडकवासल्यातून किती क्युसेक पाणी सोडलं, मेट्रोचं काम कुठवर आलं आणि कात्रजला किती चितळ गेले, ही तीन माहितीपर सदरं असावीत तशी शेजारीशेजारी छापलेली. कारण लगेच कळलं नाही. खाण्यातून काही गेलं का, पाण्यात काही होतं का, असे तर्क ज्याने त्याने लढवले. नमुने निरनिराळ्या प्रयोगशाळांत पाठवले गेले आणि मग भुवनेश्वर, भोपाळहून उत्तर आलं. लाळ्या-खुरकूत. चहाचा कप तोंडाशी नेता नेता मी थांबलो. बिबट्याला होणारं काही जंगली, अनोळखी दुखणं असेल असं मी धरून चाललो होतो. हे तर आमच्या गोठ्यातलं.

मामांचं गाव कात्रजच्या घाटापलीकडे, भोरच्या वाटेवर. एका दिवाळीच्या सुट्टीत तिथं गेलो तर मामा एस.टी. स्टँडवर घ्यायला आलेच नव्हते, हे पहिलं नवल. घरी पोचलो तर गोठ्याच्या दारात चुन्याची जाड रेघ ओढलेली आणि आजी पायरीवर बसून तुरटी कुटत होती. "रेघ ओलांडायची नाही," एवढंच म्हणाली. आम्ही पोरं रेघेच्या अलीकडे उभे राहून आत बघत राहिलो. बांडी गाय मान खाली घालून उभी होती आणि तिच्या तोंडातून लाळेची तार थेट जमिनीपर्यंत लोंबत होती. तुटायची, पुन्हा लोंबायची. ती अधूनमधून ओठांनी मिटक्या मारल्यासारखा आवाज करायची. पुढ्यात हिरवी मका पडलेली, ती हुंगायची आणि तोंड फिरवायची. मग एकेक पाय झटकायची, पायाला काही चिकटलंय आणि ते निघत नाहीये अशी. संध्याकाळी मामांनी तिची मान काखेत धरली, आजीनं तिची जीभ बाहेर ओढली आणि तुरटीच्या पाण्याचा बोळा फिरवला. जिभेवरची कातडी बोळ्याबरोबर निघून आली. खाली लालभडक मांस. खुरांच्या बेचक्यात तसंच. पोटॅशच्या जांभळ्या पाण्यानं मामा ते धुवायचे आणि किडे पडू नयेत म्हणून फिनाईलचा बोळा दाबायचे. फिनाईल, आंबलेली वैरण आणि नासलेलं दूध यांचा मिळून एक वास त्या सुट्टीभर आमच्या कपड्यांना होता. आजी कण्या शिजवून कोमट पेज करायची, परातीत ओतायची, आणि गाईच्या नाकाला बोटानं थोडी लावून वाट बघत बसायची. तासन्‌तास. पेज गार झाली की पुन्हा चुलीवर.

बांडी उठली. मोठी जनावरं बहुधा उठतात. हा रोग मारण्यापेक्षा मोडून ठेवतो. दूध आटतं ते आटतं, आणि खुरकुतातून उठलेला बैल पुढच्या उन्हाळ्यात नांगराला जुंपला की कुत्र्यासारखा धापा टाकतो. गेलं ते तिचं वासरू. त्याच्या तोंडाला फोडसुद्धा आलेला नव्हता. रात्री आईला लुचलं आणि पहाटे दावणीशी आडवं पडलेलं सापडलं. "काळीज बसलं त्याचं," मामा म्हणाले. ते अंदाजानं बोलत असतील असं मला तेव्हा वाटलं होतं. ते शब्दशः खरं असतं हे पुष्कळ वर्षांनी समजलं. कोवळ्या जनावरात हा विषाणू फोड यायच्या आधीच हृदयाच्या स्नायूवर जातो. असं हृदय चिरून बघितलं तर त्याच्यावर फिकट, पिवळट पट्टे उठलेले दिसतात, आणि पशुवैद्यकीच्या पुस्तकांत त्या पट्ट्यांना वाघाचं नाव दिलेलं आहे. पाडसाच्या छातीत वाघाचे पट्टे. हे वाचल्यापासून मला ते विसरता आलेलं नाही.

गाईची मान काखेत धरता येते. चितळाची येत नाही.

हे मी उगाच काव्य म्हणून सांगत नाही. रोगाशी लढायचा सगळा प्रश्न तिथंच अडतो. हरणाच्या जातीचं जनावर पाठलाग करून, जाळं टाकून धरलं तर त्या धसक्यानंच त्याचे स्नायू आतून जळायला लागतात, अंगात ताप चढतो आणि सोडून दिल्यावरसुद्धा ते काही तासांनी, काही दिवसांनी मरू शकतं. म्हणून तर कान्हा, पेंचकडे चितळ हलवायचे असले की बोमा करतात. हिरव्या कापडाच्या नाहीतर गवती तट्ट्यांच्या भिंती, तोंडाशी रुंद, पुढे अरुंद होत गेलेल्या, आणि शेवटी गाडीचं दार. कळप आपल्या पायानं चालत गाडीत जातो, माणसाचा हात अंगाला लागत नाही. हे स्थलांतराला ठीक. पण तोंड सोललेल्या चितळाच्या जिभेवरून तुरटीचा बोळा कोण फिरवणार? औषध पाण्यातून द्यायचं, खुराकातून द्यायचं. आणि ज्याला ते औषध हवं आहे तोच नेमका खात नाही, पीत नाही. जे खातात ते धडधाकट असतात. त्यात या जातीची आणखी एक खोड म्हणजे दुखणं लपवायचं. जंगलात लंगडणारा आधी मारला जातो, त्यामुळे चितळ अगदी शेवटपर्यंत कळपाबरोबर चालत राहतो, कान हलवत राहतो, आणि मग पडतो. राखणदाराला कळतं तेव्हा पुष्कळ वेळा फक्त उचलायचंच उरलेलं असतं.

लस आहे. बांडीच्या वेळेला गावात क्वचित यायची, आता मामांच्या प्रत्येक गाईच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला आहे आणि दर सहा महिन्यांनी टोचायला माणूस येतो. २०१९ पासून केंद्राचा मोठा कार्यक्रम चालू आहे, २०३० पर्यंत देशातून लाळ्या-खुरकूत घालवायचा असा त्याचा वायदा. पण शंभर चितळांना वर्षातून दोनदा डार्ट मारायचा म्हणजे रोगापेक्षा इलाज भारी व्हायचा. म्हणून शहाणपणाची रीत अशी की कुंपणाबाहेरच्या पंचक्रोशीतल्या गाई-म्हशी-शेळ्यांना लस द्यायची, म्हणजे रोग कुंपणापर्यंत पोचणारच नाही. ही रीत ठरली तेव्हाचं कात्रज वेगळं असणार. आता कुंपणाला लागून बायपास आहे, रात्रभर ट्रक आहेत, चारीकडे इमारती आहेत आणि इमारतींच्या मधल्या फटींत अजून टिकून राहिलेले गोठेही आहेत. हा विषाणू बुटाच्या तळाला चिकटून येतो, टायरला चिकटून येतो, वैरणीच्या पेंढीतून येतो, गार ओलसर हवा असली तर वाऱ्यावरसुद्धा बराच लांब जातो. आपण प्राणिसंग्रहालयाला शहराच्या बाहेर नेलं आणि मग शहर त्याच्या मागोमाग गेलं.

मी 'नेलं' म्हणतो कारण माझ्या पिढीला आधीचं आठवतं. पेशवे पार्क. पर्वतीच्या पायथ्याशी, सारसबागेला लागून. १९५३ सालचं. आम्हाला तिथं नेण्याचं खरं कारण फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी, आणि फुलराणीत बसायला मिळावं म्हणून वाघ बघावा लागायचा, असा उलटा क्रम माझ्या लहानपणी होता. वाघाच्या पिंजऱ्यासमोर उभं राहिलं की आधी वास यायचा. तो वास डोळ्यांत चुरचुरायचा. वाघ गजांच्या कडेकडेनं जायचा, भिंतीशी वळायचा, परत यायचा, आणि फरशीवर त्याच्या चालण्याची एक गुळगुळीत वाट पडलेली होती. मला त्याची भीती वाटली नाही, दयाही वाटली नाही. कंटाळा आला, हे मला चांगलं आठवतं. त्याच्याकडे बघून त्याचा कंटाळा मला लागला. मागे फुलराणीची शिट्टी वाजली की आम्ही पळत सुटायचो.

पुण्याला हा नाद त्याच्याही आधीचा. सवाई माधवरावांचा शिकारखाना तिथंच पर्वतीपाशी होता. गंगाराम तांबट नावाच्या इथल्याच चित्रकारानं १७९० साली त्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र काढलं, ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. इंग्रजांचा वकील मॅलेट यानं पेशव्यांच्या शिकवलेल्या काळवीटांचं वर्णन करून ठेवलंय: वाद्यं सुरू झाली की ती मोकळ्या रानातून तंबूकडे यायची. गेंडा एकटा होता, त्याचं चित्र निघालं. काळवीटं चार-पाच होती, त्यांचा तमाशा झाला. त्यापुढची, नुसतीच चरणारी हरणं त्या शिकारखान्यात किती होती आणि त्यांचं काय झालं हे कुणाला विचारायचं?

१९९९ मध्ये कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि पेशवे पार्कातले प्राणी हळूहळू तिकडे गेले. शंभरावर एकर जागा, आत नानासाहेब पेशव्यांच्या काळातला तलाव, गजांऐवजी खंदक. त्याच आवारात सर्पोद्यान. विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास राहून दाखवणारे नीलिमकुमार खैरे यांनी ते १९८६ मध्ये उभं केलं होतं. कात्रजचा वाघ पेशवे पार्कातल्या वाघासारखा फेऱ्या मारत नाही. तो झाडाखाली पडलेला असतो आणि लोक त्याला "उठ ना रे" म्हणून हाका मारत असतात. ही सुधारणा आहे, यात शंका नाही. आणि बुधवारी सुट्टी. पुण्यातल्या वाघालासुद्धा साप्ताहिक सुट्टी असते, हे मी बाहेरगावच्या पाहुण्यांना दरवेळी सांगतो आणि ते दरवेळी हसतात.

श्रावण लागल्यावर मुलीला घेऊन गेलो. तिला पांढरा वाघ बघायचा होता. मला चितळ बघायचे होते, पण तसं मी तिला सांगितलं नाही. स्वारगेटहून बस, बीआरटीच्या त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या केलेल्या थांब्यांवरून चढउतार, अंगात अर्धवट वाळलेला रेनकोट. आत ओल्या मातीचा आणि भाजलेल्या कणसांचा वास. चितळांच्या कुंपणापाशी फार कुणी थांबत नव्हतं. एक बाबा खांद्यावरच्या पोराला म्हणाला, "हरीण आहे हरीण, बघितलं? चल आता वाघ." पोर मान वळवून बघत होतं तोवर ते पुढे गेले. दुसऱ्या एका घोळक्यातल्या बाई मात्र थांबल्या, "इथंच मेले ना ते?" असं हलक्या आवाजात नवऱ्याला म्हणाल्या, आणि दोघंही नेमकी जागा दिसेल म्हणून गवताकडे बघत राहिले.

कुंपणाच्या जवळ एक नर बसला होता, रवंथ करत. मी एवढ्या जवळून चितळ नीट कधी बघितलाच नव्हता, कायम वाघाकडे जाता जाता बघितला. पाठीच्या कण्याला लागून ठिपक्यांच्या दोन सरळ ओळी असतात, टिपून काढल्यासारख्या, आणि त्यापासून खाली पोटाकडे यावं तसे ठिपके मोकाट सुटतात. गळ्याखाली पांढरा चट्टा. त्याचं एकच शिंग शिल्लक होतं. दुसरं गळून गेलेलं, त्या जागी वाळत आलेला लालसर खड्डा. दरवर्षी गळतात, पुन्हा येतात. पण अशा मधल्या दिवसांत तो जरा एका बाजूला कललेला दिसत होता. घास पोटातून वर येताना गळ्याच्या कातडीखालून एक गोळी सरकताना दिसायची, मग जबडा बाजूला फिरायचा, डावीकडून, चाळीसएक वेळा, आणि गोळी परत खाली. थोडं थांबून पुढची. मी त्याच्या तोंडाच्या कडांकडे बघत होतो. लाळ नव्हती. कोरडं, काळं, चमकदार नाक. उठला तेव्हा चारी पाय नीट टेकवून उठला. मामांच्या गोठ्यात वाढलेल्या माणसाला एवढं पुरतं.

मुलीनं तोवर मोजायला सुरुवात केली होती आणि दरवेळी वेगळा आकडा येत होता, कारण ते हलत होते. ओल्या चाऱ्याचा भारा घेऊन आलेल्या माणसाला तिनं विचारलं, "काका, यांना नावं आहेत?" तो हसला. "नावं कुठली. ओळखतो आम्ही. तो कानाला चीर असलेला, ती एक पोटाला वळ असलेली." मग भारा टाकून, हात झटकत, माझ्याकडे बघून म्हणाला, "ती नाही आता." मी काही विचारलं नाही. तोही थांबला नाही.

आता या नावांचं. मार्च २०२४ मध्ये याच कात्रजला एक बिबट्या पिंजऱ्यातून निसटला होता. हंपीहून आणलेला, नाव सचिन. प्राणिसंग्रहालय बंद ठेवलं, सगळी यंत्रणा त्याच्या मागे, आणि दुसऱ्या दिवशी रात्री तो आवारातच सापडला. तेवढ्या वेळात त्याचं नाव, गाव, वय आख्ख्या पुण्याला पाठ झालं होतं. आमच्या ग्रुपवर तर "सचिन आउट" छापाचे विनोद मध्यरात्रीपर्यंत चालू होते. तिकडे मुंबईत राणीच्या बागेत २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यातला एक काही महिन्यांतच दगावला आणि महापालिकेत त्यावरून रणकंदन झालं. १५ ऑगस्ट २०१८ ला पहिलं पिल्लू जन्मलं, स्वातंत्र्यदिनाचं बाळ म्हणून पेढे वाटायचे तेवढे बाकी होते, आणि आठवडाभरात ते गेलं तेव्हा ओळखीच्या माणसाकडचं वाईट ऐकावं तशी मुंबई हळहळली. जानेवारी २०२२ मध्ये वाघिणीच्या बछड्याचं नाव वीरा आणि पेंग्विनच्या पिल्लाचं ऑस्कर असं महापौरांनी जाहीर केलं, तर इंग्रजी नाव का, यावरून राजकारण झालं. बारसं म्हटलं की भांडण आलंच, त्याचं मला काही नाही. तिथं २०१७ मध्ये पाच रुपयांचं तिकीट पन्नास रुपये झालं तरी लोक रांगा लावून जातात ते या नावांसाठीच. नावाचं जनावर मेलं की उत्तर द्यावं लागतं. कुणीतरी विचारतं, पोस्टमॉर्टेम झालं का, अहवाल कुठाय, डॉक्टर काय करत होते. बिननावाचं एखादं मेलं की ते कळपातून वजा होतं. सोळा व्हावे लागले तेव्हा बातमी झाली. एक, दोन, तीन, कुठल्याही साध्या आठवड्यात, कुठल्याही शहरात, होतच असतील.

आणि तरीही मला त्या लिफ्टमधल्या शेजाऱ्यांवर आकड्यांत बोलल्याचा राग धरता येईना, कारण मधल्या काळात मी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची ती वार्षिक यादी बघितली होती. देशातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयाला ती द्यावी लागते. रकाने किराणा दुकानाच्या वहीसारखे: १ एप्रिलची आरंभीची शिल्लक, जन्म, बाहेरून आलेले, बाहेर दिलेले, मृत्यू, ३१ मार्चची अखेरची शिल्लक. प्रत्येक रकान्यात तीन आकडे. नर, मादी आणि तिसरा अजून न कळलेल्यांचा. बहुतेक पाडसं त्यात असतात. एवढ्या लहानपणी गेलेलं पाडूस मृत्यूच्या रकान्यातसुद्धा तिसऱ्या जागी जातं, नर की मादी ते ठरायच्या आत. पहिल्यांदा वाचताना अंगावर आलं. पण पानं उलटत गेलो तसं उलटंच वाटायला लागलं. त्या यादीत वाघिणीलाही नाव नाही. वाघही तीन आकड्यांत, मोरही तीन आकड्यांत, मगरही. कुणाचा फोटो मोठा नाही, कुणाचं बारसं नाही. एक चितळ गेला तर तो एकच आकडा तिथं लागतो आणि तो एक लिहावाच लागतो. आपण भावनेनं वाघाला जवळ धरतो आणि चितळाला कळप म्हणतो. त्या कोरड्या वहीनं तसं केलेलं नाही. आकड्याशी माझं भांडण नव्हतंच, हे तिथं लक्षात आलं. माझं भांडण एवढंच की ती वही दाराशी का नाही?

प्राणिसंग्रहालयाच्या फाटकावर किती फलक असतात. तिकिटाचे दर, कॅमेऱ्याचे दर, प्लास्टिक नेऊ नका, प्राण्यांना खायला घालू नका, बुधवारी बंद. त्यात आणखी एक काळा फळा लावावा. रेशनच्या दुकानात गहू-तांदळाची शिल्लक खडूनं लिहिलेली असते, तसा. या महिन्यात जन्मले: चितळ अमुक, भेकर अमुक. या महिन्यात गेले: अमुक, कारण तमुक. वाघाची ओळ वर नको, ठळक नको. सगळ्या एका मापाच्या. यात गुपित काय आहे? वर्षाअखेरीला हे सरकारला कळवायचंच असतं. लहान मुलं दुखावतील, असं कुणी म्हणेल. माझी मुलगी त्या भाऱ्यावाल्या माणसाचं "ती नाही आता" ऐकून दुखावली नाही. परत येताना बसमध्ये तिनं मला पोटावर वळ कशामुळे येतो, ते विचारलं. आणि तिकीट काढून आत जाणाऱ्याला आत कोण आहे हे जसं कळायला हवं, तसंच कोण नाही हेही. मोठे आकडे मग लपणार नाहीत, आणि लहान आकड्यांना सोळा होईपर्यंत थांबावं लागणार नाही.

मामांना फोनवर हे सगळं सांगितलं. आता त्यांचं वय झालंय, गोठा धाकटा मुलगा बघतो, पण खुरकूत म्हटल्यावर आवाज लगेच चढला. फळ्याची कल्पना त्यांना पटेल की नाही याची मला खात्री नव्हती. त्यांना ती मुळी नवीनच वाटली नाही.

"अरे, आपल्याकडं आलं तर पहिल्यांदा आपणच सांगतो की," ते म्हणाले. "बांडीच्या टायमाला मी सकाळी उठून आधी वरच्या आळीत जाऊन सांगितलं, आमची जनावरं आज ओढ्यावर येणार नाहीत. न सांगून भागतंय व्हय? पुढं कोण उभं करील दारात?"

"तिथं कोण कुणाचा ओढा मामा, शहर आहे."

"मग काय झालं? वैरण कुठनं येती त्यांची?"

"माहीत नाही."

"ते विचार आधी. आणि आसपासच्या गोठ्यांना डोस कधी झाला होता, ते विचार." मग पलीकडे कुणाला तरी, बहुधा धाकट्याला, ओरडून त्यांनी आमच्याकडचा डोस कधी आहे ते विचारलं. सप्टेंबरात, असं उत्तर आलं. दोन नव्या कालवडींना बिल्ले लागायचे राहिलेत, त्यावरून त्यांची तिकडे जरा झाली. मी फोन धरून बसलो. परत आले तेव्हा चितळ त्यांच्या डोक्यातून गेलेले होते.

"तू गणपतीला येणार ना?"

"येणार."

"येताना पोटॅश घेऊन ये. इथला दुकानदार एवढीएवढीशी पुडी देतो. चांगली मोठी आण."

"मामा, लस झालीय ना सगळ्यांना?"

"झालीय. तरी असू दे घरात."